अमेरिकेत पदवीसाठी छोटं लिबरल आर्ट्स कॉलेज की मोठं संशोधन विद्यापीठ? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी पुण्यात बारावी केली आणि पदवीसाठी अमेरिकेतल्या एका छोट्या कॉलेजात गेले. चार वर्षांनी पीएचडीसाठी एका मोठ्या सरकारी विद्यापीठात दाखल झाले. तिथे पाच वर्षं टीए (टीचिंग असिस्टंट) म्हणून पदवीच्या मुलांना शिकवलं, त्यांचे पेपर तपासले. त्यामुळे दोन्ही घरांतलं स्वयंपाकघर मी आतून पाहिलं आहे. दिवाळी जवळ आली की ओळखीतल्या आणि अनोळखी पालकांचे फोन सुरू होतात आणि प्रश्न बहुतेक तेच असतात. ते इथे एकत्र लिहून ठेवते.

लिबरल आर्ट्स म्हणजे आपली आर्ट्स साइडच ना? आमची मुलगी सायन्सची आहे.

नाही, आणि हा गैरसमज सगळ्यात आधी दूर व्हायला हवा. आपल्याकडे दहावीनंतर आर्ट्स, कॉमर्स, सायन्स अशी वाटणी होते, म्हणून 'आर्ट्स' हा शब्द ऐकला की कान तिकडेच वळतात. लिबरल आर्ट्समध्ये गणित, भौतिकशास्त्र, जीवशास्त्र, कॉम्प्युटर सायन्स हे सगळं येतं, आणि इतिहास, अर्थशास्त्र, संगीतही येतं. माझ्या वर्गातल्या एका मुलीचा मुख्य विषय रसायनशास्त्र होता आणि जोडीला ती लॅटिन शिकत होती. त्याचं तिथे कुणालाही नवल वाटत नसे. विद्यार्थी एका विषयात खोल जातो, त्याला 'मेजर' म्हणतात, आणि उरलेल्या तासांत इतर शाखांचे विषय घेतो.

पण कॉलेज हे विद्यापीठापेक्षा खालच्या दर्जाचं नसतं का?

आपल्याकडे कॉलेज विद्यापीठाला संलग्न असतं. पेपर विद्यापीठ काढतं, पदवीवर विद्यापीठाचं नाव असतं, म्हणून असं वाटणं साहजिक आहे. अमेरिकेत ती व्यवस्था नाही. विल्यम्स कॉलेज १७९३ सालचं, ॲम्हर्स्ट १८२१चं, ग्रिनेल १८४६चं, स्वार्थमोर १८६४चं. ही सगळी स्वतंत्र आहेत, स्वतःचा अभ्यासक्रम ठरवतात आणि स्वतःची पदवी देतात. तिथे 'कॉलेज' या शब्दाचा साधारण अर्थ एवढाच की इथे मुख्यतः पदवीचं शिक्षण मिळतं, पीएचडी नाही. विद्यार्थीसंख्या बहुधा दीड ते अडीच हजारांच्या आसपास असते. म्हणजे आपल्या शहरातल्या एखाद्या मोठ्या ज्युनिअर कॉलेजपेक्षाही कमी.

आणि 'रिसर्च युनिव्हर्सिटी' म्हणजे काय?

जिथे नवं ज्ञान निर्माण करणं आणि पीएचडीचे विद्यार्थी घडवणं हे संस्थेच्या मुख्य कामांपैकी असतं, ते संशोधन विद्यापीठ. जर्मनीतल्या विद्यापीठांचा आदर्श समोर ठेवून १८७६ साली जॉन्स हॉपकिन्स सुरू झालं आणि अमेरिकेत ही परंपरा रुजली. आज 'आर वन' हा शब्द तुमच्या कानावर येईल. २०२५च्या कार्नेगी वर्गीकरणात वर्षाला किमान ५ कोटी डॉलर संशोधनावर खर्च करणाऱ्या आणि किमान ७० संशोधन-डॉक्टरेट देणाऱ्या संस्थांना हा दर्जा मिळतो. अशा संस्था १८७ आहेत.

एक गोष्ट इथेच नोंदवून ठेवा. या मोजमापात पदवीच्या पहिल्या वर्षाला कोण शिकवतं, हा प्रश्नच नाही. मोजमाप त्या कामासाठी नाहीच. तरीही आपण 'आर वन' हे पदवीच्या शिक्षणाचं प्रमाणपत्र असल्यासारखं वाचतो.

वर्गात नेमका काय फरक पडतो?

यावर मी सविस्तर लिहिणार आहे, कारण निर्णय इथेच व्हायला हवा असं मला वाटतं.

मोठ्या विद्यापीठात पहिल्या-दुसऱ्या वर्षाचे लोकप्रिय विषय मोठ्या सभागृहात शिकवले जातात. बर्कलीच्या कॉम्प्युटर सायन्सच्या पहिल्या कोर्सला एका टर्मला हजाराहून अधिक विद्यार्थी बसलेले आहेत. प्राध्यापक नामवंत असतात, व्याख्यानं अनेकदा उत्तम असतात. आठवड्यातून एक-दोनदा हाच वर्ग वीस-तीस जणांच्या 'सेक्शन'मध्ये विभागला जातो आणि तो टीए घेतो. टीए म्हणजे पीएचडी करणारा विद्यार्थी, कधी कधी वरच्या वर्षाचा पदवीचाच विद्यार्थी. गृहपाठ आणि पेपर तोच तपासतो.

मी तीन सेक्शन घेत असे. मिळून ८४ विद्यार्थी. मिडटर्मच्या ८४ वह्या रविवारी रात्री जेवणाच्या टेबलावर गठ्ठ्याने असायच्या आणि गुरुवारपर्यंत परत द्यायच्या असायच्या. एका वहीला दहा मिनिटं धरली तरी चौदा तास होतात, आणि त्याच आठवड्यात माझा स्वतःचा प्रयोग चालू असायचा. मी मनापासून तपासायचे. पण दहा मिनिटांत उत्तर चुकलं हे सांगता येतं, मुलगा चुकीचा विचार का करतोय हे शोधता येत नाही.

त्यातला एक मुलगा नाशिकचा होता. शेवटच्या रांगेत बसायचा. आठव्या आठवड्यात मराठीत बोलल्यावर कळलं, की ऑफिस अवर्स म्हणजे काय हेच त्याला ठाऊक नव्हतं. सरांच्या केबिनमध्ये जायचं म्हणजे काहीतरी चुकलंय, बोलावणं आलंय, एवढाच अर्थ तो घरून घेऊन आला होता. प्राध्यापक दर मंगळवारी दोन तास दार उघडं ठेवून बसत होते आणि हा मुलगा त्या दारावरून मान खाली घालून जात होता. त्याला कुणी वाईट वागवलं असं नाही. त्याच्याकडे लक्ष जाईल अशी जागाच त्या रचनेत नव्हती.

आता माझं छोटं कॉलेज. पहिल्या टर्मला लेखनावर भर असलेला एक सेमिनार सगळ्यांना सक्तीचा होता. लंबगोल टेबल, चौदा मुलं आणि प्राध्यापक. मी पहिला निबंध लिहिला, चार पानांचा. सुरुवातच अशी केली की माणूस प्राचीन काळापासून स्वातंत्र्यासाठी झगडत आला आहे. निबंध परत आला तेव्हा त्या वाक्याखाली पेन्सिलीने रेघ होती आणि समासात तीन शब्द: 'कशावरून म्हणतेस?' पुढच्या चारही पानांवर असेच प्रश्न होते. बाई म्हणाल्या, उद्या साडेतीनला ये, आपण बोलू. तो निबंध मी तीनदा लिहिला. तिसऱ्या खेपेला तो दीड पानाचा झाला, पण त्यातलं प्रत्येक वाक्य मला टेबलासमोर बसून पटवून देता येत होतं. बारावीत मला इंग्रजीला उत्तम मार्क होते. लिहायला मी त्या महिन्यात शिकले.

विल्यम्समध्ये हीच पद्धत आणखी पुढे नेली आहे. तिथल्या 'ट्युटोरियल'मध्ये एक प्राध्यापक आणि दोनच विद्यार्थी असतात. एका आठवड्याला एकाने निबंध वाचायचा, दुसऱ्याने त्यातल्या त्रुटी काढायच्या. पुढच्या आठवड्याला उलट. तिथे शेवटच्या रांगेत बसायची सोयच नाही.

म्हणजे टीए वाईट शिकवतात?

नाही. काही टीए फार छान शिकवतात. ते वयाने जवळ असतात, नुकतेच तिथे अडखळलेले असतात, त्यामुळे मुलं कुठे अडखळणार हे त्यांना कळतं. अडचण वेळेची असते. आणखी एक अडचण चार वर्षांनी लक्षात येते: पुढच्या शिक्षणासाठी शिफारसपत्र हवं असतं आणि तुम्हाला नीट ओळखणारा प्राध्यापक एकही नसतो.

संशोधन तर मोठ्या विद्यापीठातच होतं ना? मुलाला शास्त्रज्ञ व्हायचं आहे.

मोठी यंत्रं, मोठे निधी, मोठे गट तिथे असतात, हे खरं. मिशिगन विद्यापीठासारख्या ठिकाणी पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या मुलांना संशोधनात घेण्यासाठी खास कार्यक्रम आहे आणि तो चांगला आहे. पण प्रयोगशाळेत रांग असते. आधी पोस्टडॉक (पीएचडी झाल्यावर संशोधन करणारे), मग पीएचडीवाले, मग तुम्ही. पदवीच्या मुलाच्या वाट्याला पहिले सहा महिने बहुधा काचसामान धुणं आणि नमुन्यांना लेबल लावणं येतं. ज्याला हे चालतं आणि जो टिकून राहतो, त्याला पुढे फार मोठ्या माणसांबरोबर काम करायला मिळतं.

छोट्या कॉलेजात पीएचडीचे विद्यार्थीच नसतात. प्राध्यापकाला संशोधन करायचं तर हाताशी पदवीचीच मुलं असतात, त्यामुळे मुख्य काम त्यांच्याकडे येतं. पोर्टलंडच्या रीड कॉलेजात एक छोटी संशोधन अणुभट्टी आहे आणि ती चालवण्याचा सरकारी परवाना पदवीचे विद्यार्थी परीक्षा देऊन मिळवतात. रीडमध्ये शेवटच्या वर्षाला प्रत्येकाने थेसिस लिहायचाच असतो, विषय कोणताही असो. स्वार्थमोरमध्ये १९२२ पासून ऑनर्सच्या विद्यार्थ्यांची परीक्षा बाहेरच्या संस्थांतले तज्ज्ञ येऊन घेतात, लेखी आणि तोंडी. आपल्याकडे प्रॅक्टिकलला 'एक्स्टर्नल' येतात म्हटलं की पोटात गोळा येतो. तिथे तो एक्स्टर्नल तुमच्या विषयात स्वतः संशोधन करणारा असतो, आणि शिकवणारे प्राध्यापक त्या परीक्षेचे मार्क देत नसल्यामुळे ते पूर्णपणे तुमच्या बाजूने तयारी करून घेतात.

उदाहरणच हवं असेल तर थॉमस चेक पाहा. १९७० साली ते ग्रिनेलमधून पदवीधर झाले, पीएचडी बर्कलीला केली, १९८९ला रसायनशास्त्राचं नोबेल. जेनिफर डाउडना १९८५ साली पोमोना कॉलेजातून पदवीधर, पीएचडी हार्वर्डला, मग कोलोरॅडोत याच चेक यांच्याकडे पोस्टडॉक, आणि २०२०चं नोबेल. दोघांचीही वाट आधी छोटं कॉलेज आणि मग मोठं विद्यापीठ अशी गेली. विज्ञानात जाणाऱ्या मुलांच्या पालकांना मी हा क्रम आवर्जून सांगते.

मग मोठं विद्यापीठ कुणी निवडावं?

ज्याचं गणित किंवा भौतिकशास्त्र आधीच खूप पुढे गेलं आहे, त्याने जरूर. ऑलिंपियाडची तयारी केलेला मुलगा छोट्या कॉलेजातले वरचे कोर्स दुसऱ्या-तिसऱ्या वर्षातच संपवू शकतो. मोठ्या विद्यापीठात तो सरळ पीएचडीच्या कोर्सला बसू शकतो. ज्याला एखादा दुर्मीळ विषय हवा आहे त्यानेही: संस्कृत, हवामानशास्त्र, भाषाशास्त्रातली एखादी शाखा. छोट्या कॉलेजच्या एखाद्या विभागात चार-पाचच प्राध्यापक असतात. त्यातला तुमच्या आवडीचा एकजण वर्षभर रजेवर गेला, तर तो कोर्स त्या वर्षी होत नाही. माझ्या बाबतीत असंच झालं आणि मला थेसिसचा विषय बदलावा लागला. तेव्हा फार जड गेलं.

आणि जो स्वतःहून दार ठोठावतो, नकार मिळाला तरी आठवड्याने परत ईमेल पाठवतो, त्याला मोठं विद्यापीठ म्हणजे खजिना आहे.

इंजिनिअरिंग करायचं असेल तर?

बहुतेक वेळा मोठं विद्यापीठ. पण स्वार्थमोर, स्मिथ, लाफायेत, हार्वी मड या छोट्या ठिकाणीही इंजिनिअरिंग आहे. काही कॉलेजं 'तीन अधिक दोन' योजना देतात, म्हणजे तीन वर्षं इथे, दोन वर्षं मोठ्या विद्यापीठात आणि शेवटी दोन पदव्या. ऐकायला छान वाटतं, पण दुसऱ्या ठिकाणी आर्थिक मदत मिळेल का हे आधी लेखी विचारा.

कॉम्प्युटर सायन्सचं काय?

इथे एक खाचखळगा आहे. अनेक मोठ्या विद्यापीठांत प्रवेश मिळाला म्हणजे कॉम्प्युटर सायन्स मिळालं असं होत नाही. त्या शाखेचा प्रवेश वेगळा असतो आणि नंतर आतून शाखा बदलणं फार अवघड असतं. छोट्या कॉलेजांत साधारणपणे प्रवेश कॉलेजला मिळतो आणि मेजर दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस ठरवता येतं. मात्र गर्दी तिथेही आहे, एखाद्या कोर्सला जागा मिळत नाही असं होतं.

मुलाने काय करायचं ते ठरवलंच नाही.

मग छोटं कॉलेज. ॲम्हर्स्ट आणि ग्रिनेलमध्ये पहिल्या वर्षाचा एक सेमिनार सोडला तर सक्तीचे विषय जवळजवळ नाहीतच. ठरवायला वेळ मिळतो आणि ठरवताना बोलायला माणूस मिळतो.

खर्च किती? छोटं कॉलेज स्वस्त असतं का?

नाही. ही खाजगी कॉलेजं आहेत, छापील फी अतिशय जास्त असते, राहण्या-जेवणासह वर्षाला ८० हजार डॉलरच्या वर सहज जाते. पण छापील आकड्यावर थांबू नका. सरकारी विद्यापीठं परदेशी मुलांकडून बाहेरच्या राज्याची पूर्ण फी घेतात आणि गरजेवर आधारित मदत परदेशी मुलांना क्वचितच देतात. श्रीमंत छोटी कॉलेजं मात्र देतात. ॲम्हर्स्ट आणि बोडन ही छोटी कॉलेजं तर परदेशी अर्जदारांचाही प्रवेश पैशाकडे न पाहता ठरवतात आणि मग लागेल तेवढी मदत देतात. अशा यादीत हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, डार्टमथ हीही आहेत. इथे प्रवेश मिळणं फार कठीण आहे, हे वेगळं सांगायला नको.

उरलेल्या ठिकाणी मदत मागितली की प्रवेशाची शक्यता कमी होते. तरी गरज असेल तर पहिल्या अर्जातच मागा. आत गेल्यावर बघू, हा विचार करू नका. बहुतेक ठिकाणी नंतर मागता येत नाही. कर्ज काढून, जमीन विकून पूर्ण फी भरण्याचा विचार असेल, तर माझा सल्ला स्पष्ट आहे: पदवी भारतात करा आणि पुढच्या शिक्षणाला जा. पुण्यात फ्लेम, सोनीपतला अशोका, बंगळुरूला अझीम प्रेमजी विद्यापीठ इथे याच विचाराचं शिक्षण मिळतं.

इथे कुणी या कॉलेजांची नावंसुद्धा ऐकलेली नाहीत. नोकरीचं काय होणार?

नावं का ऐकलेली नाहीत, ते पाहू. आपल्याकडून अमेरिकेत शिकायला जाणारे बहुतेक लोक पदवी इथे करून गेले. डॉ. आंबेडकर एल्फिन्स्टनमधून बीए झाले आणि १९१३ साली कोलंबियाला गेले ते पदव्युत्तर शिक्षणासाठी. नंतरच्या पिढ्या एमएस करायला गेल्या. ज्या ठिकाणी एमएस-पीएचडी होतं तीच नावं आपल्या घराघरांत पोचली. छोट्या कॉलेजांत ते नसतंच, मग नाव कुठून पोचणार?

अमेरिकेतल्या विद्यापीठांच्या पीएचडी प्रवेश समित्यांना आणि मोठ्या कंपन्यांना ही नावं नीट माहीत असतात. इंटेलचे एक संस्थापक रॉबर्ट नॉइस ग्रिनेलचे १९४९चे पदवीधर. मात्र पदवीनंतर लगेच भारतात परतून नोकरी शोधायची असेल, तर मोठं नाव उपयोगी पडतं. हे मी लपवणार नाही. मला स्वतःला एका मुलाखतीत दहा मिनिटं कॉलेज म्हणजे काय ते समजावून सांगावं लागलं होतं.

कंपन्या मोठ्या विद्यापीठांच्या जॉब फेअरला शेकड्याने येतात, छोट्या कॉलेजात तेवढ्या येत नाहीत. तिथे माजी विद्यार्थ्यांना पत्रं लिहून वाट काढावी लागते, आणि ते उत्तरं देतात.

पदवीनंतर तिथे काम करता येतं का?

नियम दोन्हीकडे सारखेच. सध्या पदवीनंतर १२ महिने आणि स्टेम (विज्ञान, तंत्रज्ञान, इंजिनिअरिंग, गणित) यादीतल्या विषयांना आणखी २४ महिने. अर्थशास्त्र काही कॉलेजांत या यादीत बसतं, काहींत नाही. ते त्या मेजरच्या सरकारी कोडवर ठरतं. कोड कोणता, हे अर्जाआधी विचारा, आणि हे नियम बदलतात म्हणून त्या वर्षीचेच पाहा.

एवढ्याशा गावात मुलीचं मन लागेल?

ग्रिनेल गावची वस्ती दहा हजारांच्याही आत, चहूकडे मक्याची शेतं, हिवाळ्यात उणे वीस अंश. महाराष्ट्र मंडळ, गणपती, भारतीय वाणसामान यासाठी मोठ्या शहरात जावं लागतं. पहिल्या फेब्रुवारीत मी रोज रडत होते. तेव्हा डायनिंग हॉलमधल्या एका मावशींनी मला तीन दिवस न पाहिल्यामुळे डीनच्या ऑफिसला फोन केला आणि संध्याकाळी कुणीतरी माझं दार वाजवलं. छोट्या जागी हे होतं. तिथे लपायला जागा नसते हेही खरं. मैत्रीत बिनसलं तरी तीच माणसं रोज जेवायला समोर असतात.

मोठ्या विद्यापीठात भारतीय मुलांचाच शेकडोंचा घोळका असतो. आधार मिळतो, पण काही मुलं चार वर्षं त्या घोळक्याबाहेर पडतच नाहीत.

दोन्हीचा मेळ कुठे मिळतो का?

मिळतो. प्रिन्स्टन हे संशोधन विद्यापीठ आहे, पण १९०५ पासून तिथे व्याख्यानांच्या जोडीला छोट्या गटांच्या चर्चा आहेत आणि बहुतेक विद्यार्थी शेवटच्या वर्षी थेसिस लिहितात. मिशिगन स्टेटमध्ये जेम्स मॅडिसन आणि लायमन ब्रिग्ज ही विद्यापीठाच्या पोटातली छोटी कॉलेजं आहेत. ॲरिझोना स्टेटचं बॅरेट ऑनर्स कॉलेज याच जातीचं. उलट बाजूने, ॲम्हर्स्टचा विद्यार्थी शेजारच्या मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात जाऊन कोर्स घेऊ शकतो.

या कॉलेजांचा आपल्याकडे कधी काही संबंध आला होता का?

हा प्रश्न कमी लोक विचारतात, पण मला आवडतो. विल्यम्सचा पदवीधर गॉर्डन हॉल १८१३ साली मुंबईत उतरला, मिशनरी म्हणून. त्या अमेरिकन मराठी मिशनने मुंबईत आणि पुढे अहमदनगरला शाळा काढल्या, मराठी पुस्तकं छापली. आणि पुण्यात तर ग्रिनेल, कार्लटन, मॅकॅलेस्टर यांसारख्या कॉलेजांची मुलं वर्षानुवर्षं येऊन राहिली, त्या कॉलेजांच्या संघटनेच्या भारत-अभ्यास कार्यक्रमातून. ती पुणेकर कुटुंबांत राहायची आणि मराठी शिकायची. तुमच्या नात्यागोत्यात कुणाकडे अशी मुलगी राहून गेली असेल तर त्यांना विचारा. कॉलेजच्या माहितीपत्रकापेक्षा जास्त कळेल.

तिथे जाऊन पाहणं परवडत नाही. इथे बसून कसं ठरवायचं?

सध्या तिथे शिकणाऱ्या दोन मुलांशी व्हिडिओ कॉलवर बोला. कॉलेजने पुढे केलेल्या नव्हे, स्वतः शोधलेल्या. पहिल्या वर्षाची एक, तिसऱ्या वर्षाची एक. क्रमवारी, हवामान, जेवण हे विचारू नका. हे विचारा: गेल्या टर्मला तू लिहिलेलं सगळ्यात मोठं काम कोणतं? ते कुणी वाचलं? परत आलं तेव्हा त्यावर काय लिहिलं होतं? पुन्हा लिहून द्यायला सांगितलं का? तुझं नाव माहीत असलेले प्राध्यापक किती?

आणि मग फोन मुलाच्या हातात देऊन तुम्ही दुसऱ्या खोलीत जा.